लबाड रेडिओ

भिजलेल्या धानाचा आंबूस वास आला की लाखनीजवळच्या आमच्या शेतातली बांधी आठवते.

लग्नाचं पहिलंच वर्ष होतं. कापून पसरलेल्या धानाच्या कडपा बांधीत वाळत होत्या आणि बंगालच्या उपसागरात वादळ उठलं होतं. मी बारावी शिकलेली, म्हणून रेडिओवरची हवामानाची बातमी ऐकून सांगायचं काम सासूबाईंनी मला दिलं होतं. त्या संध्याकाळी मी दुसऱ्या स्टेशनवर गाणी ऐकत बसले आणि बातमी हुकली.

"काय म्हन्ते वो तुहा रेडिओ? कडपा उचलाच्या काय?" सासूबाईंनी विचारलं.

"वादळ ओडिशाकडे वळलं, आत्याबाई," मी ठोकून दिलं.

दोन दिवस पाऊस कोसळला. पाण्यात पडलेल्या लोंब्यांना पांढरे कोंब फुटले. दीर माझ्यावर खेकसले, तशा सासूबाई चिखल तुडवत मध्ये आल्या. "पोरीले काहून बोलतं? रेडिओच लबाड निंगाला!"

पुढं हयातभर त्यांनी हवामानाची बातमी मानली नाही. निरभ्र आकाशाखालीही अर्धवट वाळलेल्या कडपा घाईनं बांधून, पाठ धरत त्या उंच ढिगासारखी पुंजणं रचायच्या. मी खालून भारे देत राहिले.

आत्याबाई, लबाड रेडिओ नव्हता.