रूथबाई आणि आदामाचं फळ

चर्चच्या मंडळीत कुणाकडेही मूल जन्मलं की रूथबाई धुतलेलं पातळ नेसून तिथं जायच्या. बाळाच्या कानाशी तोंड नेऊन म्हणायच्या, "तुह्यावर कोणाचं काही नाही गा." मुलगी असली तर 'गा'च्या जागी 'वं'.

सत्तर सालच्या आसपास मी सक्करदऱ्याच्या लहानशा चर्चमध्ये पाळक म्हणून आलो, तेव्हा हे ऐकून हसलो होतो. माणूस आदामाचं पाप घेऊनच जन्मतो, हे मी चार वर्षं शिकून आलो होतो. रूथबाई चौथी शिकलेल्या, दाईचं काम करणाऱ्या. तरी रविवारी त्या शब्बाथशाळेत मुलांचा वर्ग घ्यायच्या तेव्हा मुलं त्यांना चिकटायची आणि माझ्या प्रवचनात बायका जांभया द्यायच्या. ते मला सहन होत नसे.

मार्था नावाच्या बाईचं बाळ तिसऱ्या दिवशी गेलं, बाप्तिस्म्याआधीच. तिनं मला विचारलं, "पाळकसाहेब, माहं लेकरू कुठं गेलं?" मी मूळ पापावर बोलत राहिलो. रूथबाईंनी तिला जवळ ओढलं.

"फळ आदामानं खाल्लं. याच्या तोंडात तर दूधबी नीट गेलं नाही. देव याले काहून धरीन?"

मार्था तेव्हा कुठं रडली. ती रूथबाईंच्या खांद्यावर रडते आहे, एवढंच मला दिसत होतं.

मी चर्चच्या कमिटीकडे रूथबाईंची तक्रार केली. कारण सिद्धांताचं दिलं. त्यांचा वर्ग काढून घेण्यात आला. त्या एवढंच म्हणाल्या, "बरं. पोराइले वर्गाच्या मधात पाणी पाजत जा."

त्या नाताळात आई उमरेडहून आली. चर्चच्या दारात रूथबाईंना पाहून ती तशीच मागं फिरली. घरी आल्यावर बोलली. माझे वडील खाणीवर ट्रक चालवायचे, दारूच्या नशेत एका माणसाला चिरडून तुरुंगात गेले, हे मला ठाऊक होतं. तो माणूस रूथबाईंचा नवरा होता, हे ठाऊक नव्हतं.

मी तसाच त्यांच्याकडे गेलो. त्या तांदूळ निवडत होत्या.

"तुम्हाला माहीत होतं?"

"तुमचं आडनाव आयकलं त्याच दिवशी."

"मग कमिटीत बोलला का नाहीत?"

"काय बोलू? तुमी तवा रांगत होते," त्या म्हणाल्या आणि सूप बाजूला ठेवून चहाला उठल्या.

कमिटीपुढं मी खरं कारण सांगितलं: हेवा. वर्ग त्यांना परत मिळाला. बाप्तिस्मा देताना मूळ पापाचं वाक्य मी पुन्हा कधी वाचलं नाही. त्याबद्दल वरून दोनदा विचारणा झाली.

दहा-बारा वर्षांनी त्या गेल्या. दफनाला एवढी माणसं आली की मला स्वतःलाच उभं राहायला जागा मिळेना. कोण कुणाच्या गळ्यात पडून रडतंय, कळत नव्हतं. माझ्यासाठी असं कुणी रडणार नाही, हे तिथं उभ्या उभ्या मनात आलंच. मग मी हातातलं प्रार्थनेचं पुस्तक मिटलं आणि इतरांसारखाच रडलो.