पुन्हा घडवता येईपर्यंत

सकाळी कार्यालयात आल्यावर खुर्चीत बसण्यापूर्वी अक्का एक घोषणा करीत. "आज मी कीबोर्ड." कधी "आज मी प्रिंटर," कधी "आज मी कॅमेरा, आणि तोही जरा डोक्यावर पडलेला." इरफान हा आमच्यातला तरुण अभियंता. तो हमखास विचारी, "काल तर माईक होतात ना अक्का? आवाज बरा होता की तुमचा." अक्का पर्स खुंटीला अडकवीत उत्तर देत, "माईकनं लई सोसलं बाबा. पडेचना. म्हणून सोडला त्याला." मग कपाळावरची विभूतीची पुसट रेघ रुमालाने न पुसली जाईल अशा बेताने घाम टिपून त्या बसत, आणि दिवस मावळेपर्यंत त्या जे नव्हत्या ते होऊन राहत.

संगणकाच्या यूएसबीच्या खाचेत एखादी वस्तू जोडली, की संगणक तिला प्रथम विचारतो, तू कोण? ती जे सांगेल त्यावर विश्वास ठेवून तो तिच्याशी बोलणारा एक छोटा प्रोग्रॅम कामाला लावतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. अक्कांच्या कामात ती वस्तूच नसे, वायरही नसे. संगणकाच्या पोटात त्या एक लटके उपकरण उभे करीत आणि त्याच्या तोंडून ड्रायव्हरला हजारो तऱ्हांची वेडीवाकडी उत्तरे देववीत. आठ अक्षरे पाठवतो म्हणून ऐंशी पाठवायची, नाव विचारले की गप्प राहायचे, बोलता बोलता अर्ध्यातून निघून जायचे. कोणत्या उत्तराने यंत्रणा कोसळते ते शोधायचे आणि ड्रायव्हर लिहिणाऱ्यांना कळवायचे. या कामाला फझिंग म्हणतात. आपण ते आधी केले नाही, तर उद्या कुणीतरी वाईट हेतूने तेच करतो.

मी या कामात फार उशिरा आले. कनिष्ठ महाविद्यालयात अर्धे आयुष्य भौतिकशास्त्र शिकवले, मग तिथली विज्ञानाची तुकडीच बंद झाली, आणि ज्या वयात लोक निवृत्तीची भाषा करतात त्या वयात मी प्रोग्रॅम लिहायला शिकले. जुळे सोलापुरात एका झेरॉक्सच्या दुकानावर अक्कांचे कार्यालय होते. मुलाखतीला गेले तेव्हा माझ्या तोंडून धड शब्द फुटत नव्हता. अक्कांनी माझी कागदपत्रे बाजूला सारली आणि विचारले, "तुमच्या दारात एक पोरगा आला, मी मावशीच्या नणंदेचा म्हणाला, तर तुम्ही काय करता?" मी म्हणाले, "आत घेते. चहा ठेवते." त्या हसल्या. "ओळख पटवून न घेता?" मी ओशाळून मान हलवली. "मशीन तसंच भोळं असतंय बघा. आपण तो पोरगा व्हायचं. जमेल तुम्हाला, टीचर." त्या दिवसापासून मी त्यांची टीचर झाले. माझ्यापेक्षा वयाने बऱ्याच लहान असूनही त्या माझ्याही अक्काच राहिल्या. त्यांच्या घरी कानडी बोलत, आणि मोठ्या बहिणीचा तो शब्द त्यांना इतका शोभे की त्यांचे खरे नाव मला पहिल्या पगाराच्या वेळी कळले.

अक्कांचा एक नियम होता. कोसळलेली गोष्ट पुन्हा कोसळवून दाखवता येईपर्यंत ती कुणालाही कळवायची नाही. त्यामागे एक जुनी जखम होती. पुण्यात नोकरीला असताना त्यांना एक मोठा दोष सापडला होता. भरल्या बैठकीत त्या तो दाखवायला उभ्या राहिल्या, तर यंत्रणा काही केल्या पडेना. "सगळे थांबून बघत होते. एकानं म्हटलं, मॅडमना स्वप्न पडलं असेल. आणि सगळे हसले हो." हे सांगताना इतक्या वर्षांनंतरही त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

माझ्या हातून पहिल्यांदा एक ड्रायव्हर कोसळला तेव्हा मी शाळकरी मुलीसारखी त्यांच्या टेबलापाशी धावले. पडद्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "छान. आता पुन्हा पाडून दाखवा." मला ते जमेना. मग त्यांनी मला जवळ बसवून घेतले. दिलेल्या उत्तरांतून एकेक उत्तर काढून टाकायचे आणि पाहायचे की अजून पडते का. पडले, तर ते उत्तर निर्दोष. असे करत करत शेवटी ज्यांच्यावाचून पडतच नाही एवढीच दोन-तीन उत्तरे उरतात. "शेंगा निवडल्यागत निवडायचं. घाई केली की खवट शेंग चटणीत जाते." ज्या दिवशी माझ्या निवडीतून दोनच उत्तरे उरली आणि यंत्रणा दर वेळी आज्ञाधारकपणे कोसळू लागली, त्याच्या दुसऱ्या दिवशी अक्कांनी माझ्यासाठी घरून शेंगांची पोळी आणली. इतक्या वर्षांच्या शिकवण्यात मला असे बक्षीस कुणी दिले नव्हते.

मग एका दुपारी, डबा खाता खाता, अक्का बोलायच्या थांबल्या. हातातला घास तसाच राहिला. चेहरा पांढरा पडला, ओठांवर घाम आला आणि दुसऱ्या हाताने त्यांनी टेबलाची कड घट्ट धरली. मी उठेपर्यंत सारे ओसरलेही होते. "काही नाही. छातीत पाखरू फडफडल्यागत झालं. बसा, टीचर." मी म्हणाले, आत्ताच्या आत्ता डॉक्टरांकडे जाऊ. त्यांनी घास तोंडात घातला. "एकदाच झालंय. काय सांगू त्यांना?"

काही आठवड्यांनी ते जिन्यात झाले. मग एकदा, काहीही करत नसताना, खुर्चीतच. मी माझ्या स्वभावाला मुरड घालून दर वेळी बोलले आणि दर वेळी मला तेच उत्तर मिळाले. "ते विचारणार, कधी होतं? कशानं होतं? मला ठाऊक नाही. आधी ते कळू दे." आणि अक्कांनी शोधायला सुरुवात केली. एक आठवडा चहा बंद. मग चहा सुरू, पण सोमवारचा उपवास बंद. एका संध्याकाळी त्या जिना मुद्दाम भरभर चढून वर आल्या आणि दारात उभ्या राहून स्वतःची नाडी मोजू लागल्या. इरफानने ते पाहिले आणि तो खुर्चीतून उठलाच. "अक्का, माणसावर टेस्टिंग करत नसतात!"

"दुसऱ्याच्या माणसावर नाही करायचं," अक्का धापा टाकत म्हणाल्या. "हे घरचंच आहे."

तो हसला नाही. मीही हसले नाही. त्या एकट्याच हसत आत गेल्या.

अखेर फार आग्रह करून मी त्यांना एका हृदयरोगतज्ज्ञांकडे नेले. हृदयाच्या ठोक्यांचा आलेख काढला. स्वच्छ निघाला. डॉक्टर भले होते. ते म्हणाले, असे त्रास तपासणीच्या वेळी सापडतीलच असे नाही, काही दिवस नोंद करणारे एक यंत्र छातीला बांधून ठेवू, उद्याच या. अक्का त्या कागदावरच्या सरळ, नीटस रेघांकडे पाहत होत्या, आणि मला त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या दिसल्या. रिक्षात बसल्यावर त्यांनी तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. मग म्हणाल्या, "मी नाटक करतेय असं वाटलं हो मला तिथं." मी म्हणाले, तसे कुणालाच वाटले नाही. उद्या यंत्र बांधून घ्या. घरी यजमानांना सांगा. "सांगते की. नीट सांगता तरी येऊ दे." त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "तुम्ही फार काळजी करता, टीचर. जवळ आलेय मी. दोन-तीन गोष्टींवर आलंय आता."

दुसऱ्या दिवशी त्या गेल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मी विचारले, तर म्हणाल्या, पुढच्या सोमवारी नक्की.

त्याआधीच्या रविवारी अक्कलकोटला त्यांच्या भाचीच्या मुलाचे बारसे होते. पंगतीत वाढता वाढता त्या खाली बसल्या. लोकांना वाटले, दमल्या असतील. दवाखान्यात नेईपर्यंत काही उरले नव्हते.

सोमवारी आम्ही दोघांनी कार्यालय उघडले तेव्हा अक्कांचा संगणक चालूच होता. शनिवारी जाताना त्यांनी सुरू करून ठेवलेले लटके उपकरण अजून ड्रायव्हरला उत्तरे देत होते, वेडीवाकडी, न थकता. इरफानने बंद करण्यासाठी हात पुढे केला आणि मागे घेतला. "राहू दे ना टीचर. होऊ दे त्याचं पूर्ण." आम्ही ते होऊ दिले. आमच्या क्षेत्रात नियम मोडायला शिकवणारे पुष्कळ भेटतात. अक्कांनी मला तो पाळायला शिकवले होते, आणि त्याचा मला अभिमान होता. त्या दिवशी मात्र तो अभिमान कुठे ठेवावा हे मला कळेना.

दिवसकार्य झाल्यावर अक्कांचे यजमान आले. चिंचोळी एमआयडीसीच्या रस्त्याला त्यांचे पंपांच्या सुट्या भागांचे दुकान आहे. मी त्यांना प्रथमच पाहत होते. राहिलेली शाल, पाण्याची बाटली आणि डबा त्यांनी पिशवीत भरला. मग अक्कांच्या खुर्चीवर बसावे की नाही या विचारात थोडा वेळ उभे राहून शेवटी ते माझ्यासमोरच्या खुर्चीत बसले.

"तिला आधी त्रास होत होता म्हणं. तुमाला म्हाईत होतं?"

मी त्यांना सारे सांगितले. डब्याची दुपार, जिना, डॉक्टर, ते सोमवारवर गेलेले यंत्र. त्यांनी मध्ये काही विचारले नाही. शेवटी म्हणाले, "मला का न्हाय बोलली?"

मला जमेल तसा मी तो नियम समजावून सांगितला. आमच्या कामात एखादी गोष्ट पुन्हा घडवून दाखवता आली नाही, तर ती खरी मानत नाहीत. त्यांना कारण हवे होते. कारण सापडले की त्या सांगणार होत्या.

इरफानने पाण्याचा पेला त्यांच्यापुढे ठेवला, त्याला त्यांनी हात लावला नाही.

"म्हंजे मला ती पुराव्यानिशी सांगणार होती?"

मी मानेनेच हो म्हटले.

"बाई, तुमी शिकलेली माणसं. बरोबरच असंल तुमचं." त्यांनी पिशवीचे बंद एकत्र धरले. "पण तिनं नुस्तं म्हणायचं होतं, बरं वाटंना म्हणून. दुकान तसंच उघडं टाकून घेऊन गेलो असतो की तिला. मी कुटं इचारणार होतो, कशानं वाटंना म्हणून?"