बाबांची दाद

लोकहो, आज दुपारी सांताक्रूझला चेंबर ऑर्केस्ट्रा, म्हणजे पाश्चात्य संगीताचा छोटा वाद्यवृंद, ऐकला. नव्या रचना, सोबत एकच गायिका.

मागच्या वर्षी बाबांना नेलं होतं. भजनी मंडळातला माणूस! सूर आवडला आणि मोठ्याने म्हणाले, "वा!" अख्खा हॉल वळला. मी त्यांचा हात दाबला. "बाबा, इथे गप्प बसून ऐकतात. लाज आणू नका ना." मग ते शेवटपर्यंत गप्प राहिले.

आता बाबा नाहीत. आज गायिकेने असा सूर धरला की व्हायोलिनंही थांबली, आणि माझ्याच तोंडून निघालं, "वा!"

शेजारची बाई चिडली, "श्श!"

तुम्ही केलंय का रे आपल्या माणसाला असं गप्प?

बाबा, एकदा म्हणा ना. मी हात नाही दाबणार.