नोराबाईंची एक वर्षाची परवानगी

आमच्या घरात हल्ली ज्याला बघावं तो परदेशात. महिनाभर जाऊन आलेला माणूससुद्धा चॉकलेटच्या डब्याबरोबर पंधरा किस्से घेऊन येतो आणि मला ते ऐकून घ्यावे लागतात. पण माझा साठा निराळा आहे. मी कुठेच गेले नाही. परदेशच मुळशीत आला आणि माझ्या कॉटशेजारी कॉट टाकून राहिला!

साठ सालच्या आसपासची गोष्ट. पौडच्या पुढं, डोंगरातल्या एका गावात अण्णा नावाच्या गृहस्थांनी स्वतःच्या जागेत शाळा काढली होती. मी पुण्याहून तिथं मास्तरीण म्हणून गेले. पाठोपाठ अण्णांच्या कुणाच्या तरी ओळखीनं आयर्लंडची नोरा आली, लहान मुलांना इंग्रजी शिकवायला. तेव्हा इतक्या लहान मुलांना मराठी शाळेत इंग्रजी नसायचंच. अण्णांनी खेटे घालून एक वर्षाची परवानगी मिळवली होती. वर्षअखेरीला दिपोटीसाहेब, म्हणजे शाळा तपासणारे अधिकारी, येणार. त्यांना वर्ग पटला तर नोराबाई राहणार, नाही तर बोटीत बसणार.

खरं सांगते, पहिले दोन महिने मला वाटायचं, बसू दे बोटीत. माझ्या एकुलत्या एका आरशासमोर ती अर्धा तास केस विंचरायची. शिवाय माझ्या वर्गातली पोरं फळा सोडून खिडकीतून तिलाच बघायची.

*

पहिल्याच दिवशी ती वर्गात शिरली. पोरं उभी राहिली. ती हसून म्हणाली, "सिट डाऊन."

पोरांनी एका सुरात म्हटलं, "सिट डाऊन!"

आमच्याकडं बाई जे म्हणतील ते मोठ्यानं म्हणायचं, हीच शिकायची रीत. पाढे तसेच, कविता तशाच. बिचारी म्हणाली, "नो, नो." पोरं म्हणाली, "नो, नो!" तिनं हातानं खाली बसायची खूण केली. पोरांनीही तीच खूण केली.

अर्धा तास सगळे उभे. शेवटी मी जाऊन "बसा रे" म्हटलं, तशी पटापट बसली. नोरा घाम पुसत म्हणाली, "पण शिकतात पटकन."

*

शेजारच्या सखूबाईंनी एकदा तिला वाटीभर दही दिलं. हिनं वाटी घासूनपुसून लख्ख केली आणि रिकामीच परत न्यायला निघाली. मी अडवलं. म्हटलं, आमच्यात शेजारणीचं भांडं रिकामं पाठवत नाहीत, काहीतरी घालून द्यायचं असतं. तिच्याकडं घालायला काय असणार? तिनं एक नवाकोरा खडू घातला.

थोड्या वेळानं सखूबाई खडू घेऊन माझ्याकडं आल्या. "बाई, ह्यो कशात घालत्यात? आमटीत का कोरड्यासात?"

मी म्हटलं, "पाटीवर." त्यांनी तो फळीवर जपून ठेवला. आठ दिवसांनी पुन्हा दही आलं आणि बरोबर निरोप होता, "आता लाल धाडा."

*

पाटलीणबाईंना आपल्या धाकट्या भावासाठी ती पसंत पडली होती. रंग तर बघायलाच नको. नदीवर धुणं धुताना त्यांनी चौकशी मांडली. मी मधे बसून दुभाष्याचं काम करत होते.

"बा काय करतो?"

"शेती."

"जिमीन किती?"

"चाळीस एकर."

बायकांचे हात थांबले. पाटलीणबाईंनी पिळा खाली ठेवला आणि माझ्याकडं बघून मान हलवली. नोरा प्रामाणिक, ती पुढं म्हणाली, "पण नुसते दगड आहेत."

मी सांगितलं. पाटलीणबाईंनी पिळा पुन्हा उचलला. "मग ऱ्हाऊ द्या. आमच्या भावाला हितली दगडं पुरी हायेत."

*

चिंगी नावाची सात वर्षांची मुलगी आठ दिवस शाळेत आली नाही. नोरा मला घेऊन तिच्या घरी गेली. आई तापानं पडलेली, आणि घरात म्हशीचं बघायला चिंगीशिवाय कुणी नव्हतं. चिंगीचे वडील, गणपा, म्हणाले, "पोरगी साळंत धाडली तर म्हशीची धार कोन काढंल?"

नोरा म्हणाली, मी काढते. शेतकऱ्याचीच लेक ती. पण म्हैस तिचा फ्रॉक बघून बिथरली आणि थेंब सोडीना. आतून चिंगीच्या आईनं सांगितलं, "माजं लुगडं गुंडाळा तिला. चिंगीबी तेच गुंडाळती, त्याबिगर न्हाई पान्हवत म्हस." मी फ्रॉकवरून ते लुगडं कसंबसं गुंडाळलं. म्हशीनं हुंगलं, विचार केला आणि पान्हा सोडला.

गणपांनी भरलेली चरवी बघितली. मग म्हणाले, "ठरलं तर. उद्यापास्नं चिंगी साळंत येती, तुमी हितं या."

आणि ही गेली की! आई बरी होईपर्यंत रोज सकाळी लुगडं गुंडाळून गेली. ते पाहिल्यावर मात्र माझ्या मनातली बोट कायमची बुडाली. ही बाई राहिली पाहिजे, असं मला मनापासून वाटायला लागलं.

*

आणि मग दिपोटीसाहेब आले. इस्त्रीची पँट, चकचकीत बूट, कपाळाला आठी. ते आत हजेरीपट तपासत होते, मी एकेक कागद पुढं करत होते. तेवढ्यात नोरानं आपल्या देशातला एक खेळ मांडला. ओसरीच्या पायरीपासून फाटकापर्यंत सारवलेल्या अंगणात चुन्यानं मोठमोठी इंग्रजी अक्षरं काढली. ती अक्षर पुकारणार, पोरानं पळत जाऊन त्यावर उडी मारायची.

साहेब ओसरीवर खुर्चीत बसले. नोरा म्हणाली, "बी!"

एक पोर हललं नाही.

"एम!" कुणी नाही. ओळीनं उभी राहून सगळी खाली बघत होती. साहेबांनी घड्याळ बघितलं. नोराचा चेहरा लालबुंद झाला. ही सगळी अक्षरं पोरांना येत होती, मी रोज ऐकत होते.

"यांना काही येत नाही," साहेब म्हणाले आणि पेनाचं टोपण काढलं.

तशी चिंगी पुढं झाली. दोन अक्षरांमधल्या मोकळ्या जागेत जपून पाऊल टाकत टाकत ती गेली, बीपाशी उकिडवी बसली, अक्षराला हात लावून तो कपाळाला लावला आणि म्हणाली, "बी." तिथूनच हात लांब करून "एम"च्याही पाया पडली. मग एकेक करून सगळी पोरं निघाली. अंगणातल्या सगळ्या अक्षरांना नमस्कार झाला, एकही चुकलं नाही. नोरा तोंडावर हात धरून उभी होती.

साहेबांनी चहा घेतला, बूट घातले आणि जायला उठले. पायरीशी पाय उचलला आणि तो तसाच राहिला. खाली "ए" होता. पोरं त्यांच्या बुटाकडं बघत होती.

साहेबांनी पाय मागं घेतला. इकडंतिकडं बघितलं. अक्षरांमधल्या फटीत चिंगीचं पाऊल मावलं होतं, त्यांचा बूट मावणार नव्हता. मग ओसरीच्या टोकावरून खाली उतरले, पँट दोन्ही हातांनी वर धरली आणि गोठ्यामागच्या उकिरड्यातून घोट्यापर्यंत रुतत रुतत कुंपणापलीकडं गेले.

तिथून त्यांनी शेरेबुक मागवलं. अण्णा त्याच वाटेनं धावत घेऊन गेले. साहेबांनी उभ्याउभ्याच लिहिलं, सही केली आणि एस.टी.कडं चालू लागले.

अण्णांनी आम्हाला वाचून दाखवलं, "इंग्रजीचा वर्ग चालू ठेवावा. अंगणाला दुसरी वाट करावी."