मांसवाटप पुन्हा एकदा

सादिरबेकच्या साठीचा व्हिडिओ सगळं कुळ जमून पाहायला बसलं, आणि चहाच्या वाट्या हातातच राहिल्या. मांसवाटप त्यात नव्हतंच!

मानाप्रमाणे कोणाला मेंढराचं डोकं गेलं, कोणाच्या पुढ्यात कमरेचं हाड आलं, हे नारीनच्या डोंगरात साठीहूनही मोठं. आणि कॅमेरा हाती दिलेल्या पुतणीने, साल्किनने, टिपलं काय? अंगणातली चूल. धुराने डोळे पुसत कढई ढवळणारी तिची आई, उलकान.

"माझं हाड कुठाय?" एसेन आजोबा कडाडले. "उभ्या जन्मात एकदा मिळालेला मान! नातवंडांना दाखवू काय, तुझ्या आईची कढई?"

"सिनेमे बघून डोकं फिरलंय हिचं," सादिरबेक म्हणाला. "दिवसभर गवताच्या माळ्यावर फोनमध्ये तोंड खुपसून असते."

साल्किनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आई साठीच्या आदल्या पहाटेपासून आतडी धूत होती. शेपटाचं हाड थोरल्या सुनेच्या, म्हणजे आईच्या मानाचं, पण ते दरवेळी कुणा पाहुणीकडे जायचं, कारण मानकरीण चुलीपाशी! कुळातल्या एकाही समारंभाच्या व्हिडिओत आई नव्हती. ते कुणाला खटकलं नाही. खटकलं काय, तर हाड!

आणि तोडगा काय काढला म्हणता? दुसरं मेंढरू कापलं. तेच म्हातारे त्याच उंच टोप्या घालून त्याच जागी बसले. शिजवायला अर्थात उलकानच. आणि तो कॅमेरा दुसऱ्या कोणाला चालवता येईना, म्हणून पुन्हा साल्किनच.

आजोबांनी हात पुढे केला, जन्मात पहिल्यांदाच हाड मिळतंय अशा थाटात. कॅमेऱ्यातून ते अगदी खरं वाटलं. साल्किन थबकली. अरे, सिनेमा म्हणजे हेच की! माणसं बसवायची, घडून गेलेलं पुन्हा घडवायचं. मग कोण कुठे बसणार हे कोणीतरी ठरवतच असणार. ते मी का नाही? इतके दिवस तिला सिनेमे नुसते बघायचे होते. आता करायचे होते.

तिने कॅमेरा खाली घेतला.

"आईला बोलवा. तिचं हाड तिला द्या, मग सुरू करते."

"पोरी, मोठ्यांसमोर ही भाषा?"

"घरातली मोठीच इथे नाहीये, काका."

"अरे, चरबी गोठतेय!" आजोबा ओरडले. "बोलाव तिला, सादिर! माझं काय जातंय?"

उलकान हात पुसत आली. "काय ते पटकन घे गं, रस्सा उतू जाईल." साल्किनने कॅमेरा पुन्हा उचलला, पण हाड हातात पडताच आई उठायला लागली.

"खाली बस, आई. चालू आहे अजून. आणि आजोबा, तुम्हीही हाड खाली ठेवू नका. ती खाईपर्यंत."

मानकरी आपापली हाडं धरून ताटकळले. उलकानने सगळ्यांकडे पाहिलं, एक लचका तोडला, सावकाश चावला.

"मीठ कमी पडलंय," ती म्हणाली आणि दुसरा लचका तोडला.