डावी बाजू वर

सुमनने आणि मी मिळून शेवटचं काय केलं, तर चादरीची घडी घातली. अमेरिकेत, ईडन प्रेरीत, आमच्या मुलाच्या, महेशच्या घरी, दुपारी. तिथे अंगणात दोरी बांधून कपडे वाळत घातले तर कॉलनीवाले नोटीस पाठवतात, म्हणून मशीनमध्ये वाळवायचे. गरम चादर काढली की एक टोक ती माझ्या हातात कोंबायची आणि मागे सरकत जायची. "ओढा. अजून ओढा. जेवलात ना?" मी ओढलं की ती दुप्पट जोराने ओढायची, आणि मी पुढे झोकांडलो की हसायची. लग्न झाल्यापासून हाच खेळ. त्या दुपारीही हसली.

मी सातवी शिकलेला माणूस. मिरजेत गॅरेजमध्ये गाड्यांचे पत्रे ठोकत जन्म गेला. सुमन माझ्याहून कमी शिकलेली. बायकोबद्दल गोडगोड लिहायला मला जमणार नाही. ती हट्टी होती, आवाज मोठा होता, भाजीवाल्याशी भांडल्याशिवाय तिला भाजी घेतल्यासारखं वाटायचं नाही. आणि रोज अंथरुणावर पडली की विचारायची, "झोपलात का?" मी म्हणायचो, "हो." मग ती झोपायची. झोपलेला माणूस हो कसा म्हणेल, असं मी तिला किती वेळा विचारलं असेल.

"बोललात म्हणजे आहात," ती म्हणायची. "मला तेवढंच कळायला पाहिजे."

अमेरिकेला येताना टोकियोत एक रात्र मुक्काम पडला. महेशने ऑफिसात बसून तिथलं कॅप्सूल हॉटेल बुक केलं होतं. फोनवर म्हणाला, "बाबा, एकच तर नाइट आहे. एकदम क्लीन असतं. एक्सपीरियन्स घ्या." आम्ही गेलो. दारात चपला काढून कुलपात ठेवायच्या, अंगात घालायला ते एक पुढून उघडा, पट्ट्याने बांधायचा कापडी डगला देतात. काउंटरवर फोटो होता: भिंतीत एकावर एक भोकं, आत गादी, तोंडाला पडदा. सुमन म्हणाली, "अहो, हे तर कोंबड्यांचं खुराडं. माणसं अंडी देतात की काय इथे?" मी हसलो. तेवढ्यात काउंटरवरच्या माणसाने बोटाने दाखवलं. बायका वरच्या मजल्यावर, पुरुष खालच्या.

"नवरा-बायको आहोत आम्ही," मी मराठीतच ओरडलो. तो कमरेत वाकला आणि पुन्हा तेच बोट वर. सुमन लिफ्टमध्ये शिरली, डगला पोटाशी धरून. दार बंद होईपर्यंत माझ्याकडे बघत होती.

गाड्यांच्या खाली पाठीवर पडून मी आयुष्य काढलंय. अडचणीच्या जागेची मला भीती नाही. पण त्या भोकात कुणी 'झोपलात का' विचारलं नाही, आणि मला झोप लागली नाही.

सकाळी ती खाली आली ती बोलतच. "सवयीने विचारलं हो मी. मोठ्याने. पलीकडच्या डब्यातली बाई खोकली. म्हटलं चला, कुणीतरी आहे." मग डगल्याची गोष्ट. तिने तो साडीसारखा घातला होता. पदर कसा उजवीकडून आणून डाव्या खांद्यावर टाकतात, तशी उजवी बाजू डावीवर ओढून घेतली. तर तिथली कामवाली बाई धावत आली, हात हलवत नाही-नाही करत पट्टा सोडला, डावी बाजू वर आणली आणि नीट बांधून दिली. "बिचारीच्या डोळ्यांत पाणीच यायचं राहिलं होतं," सुमन म्हणाली. "एवढं काय चुकलं कोण जाणे."

काय चुकलं ते महेशने सांगितलं, इथे आल्यावर, जेवताना. "अगं आई, उजवी बाजू वर तिकडे फक्त मेलेल्या माणसाला घालतात."

सून नेहा म्हणाली, "महेश, प्लीज!" पण सुमन ताटावरच हसत सुटली. "म्हणजे मी मरूनच आलेय की अमेरिकेला! परत पाठवताना नीट बांधून पाठवा."

मी ताट सरकवलं. म्हणालो, असलं बोलायचं नाही. तशी ती म्हणाली, "एक ऐका. परत जाताना त्या डब्यात मी नाही. विमानतळावर खुर्चीत बसू रात्रभर, पण शेजारी बसू." मी म्हणालो, बसू.

त्या दुपारी पहिली चादर झाली, दुसरी घेतली. निम्म्यावर तिच्या हातातलं टोक सुटलं. मला वाटलं, चेष्टा करतेय. मी ओढतच राहिलो. चादर सगळी माझ्याकडे आली आणि ती खाली बसली, मग आडवी झाली. ॲम्ब्युलन्स लगेच आली, त्यात कुणाची हयगय नाही. दवाखान्यात तिला आत नेलं आणि मला बाहेर बसवलं. पुन्हा ती एकीकडे, मी एकीकडे. दिवेलागणीला महेश बाहेर आला आणि तिच्या बांगड्या माझ्या हातात ठेवल्या. आत तिने विचारलं असेल का? कोण हो म्हणालं असेल?

महेश आता म्हणतो, "बाबा, टोकियोवरून नको, दुसऱ्या रूटचं तिकीट करतो." म्हटलं, कुठलंही कर. शेजारच्या खुर्चीत कुणीतरी परकं बसणारच आहे.

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, तिला जिथे ठेवलं होतं तिथे आम्ही तिघं गेलो. स्वच्छ खोली, गालिचा, कुठे आवाज नाही. पांढऱ्या चादरीत गुंडाळलेली होती. उजवी बाजू डावीवर.

मी चादर सोडायला लागलो. नेहा रडत म्हणाली, "बाबा, काय करताय? साडी नेसवायचीये ना, मी करते."

"साडी नंतर," मी म्हणालो. "महेश, ते टोक धर."

त्याने धरलं. मी उजवी बाजू खाली सारली, डावी वर आणली, सुरकुत्या काढल्या आणि दोन्ही हातांनी घट्ट ओढली. पलीकडून कुणी ओढलं नाही. मी वाकून तिच्या कानाशी विचारलं, "झोपलीस का?"

मग महेशने मला खुर्चीत बसवलं.