हौदाच्या झाकणावर जॅक

रविवारी सकाळी मी गारखेड्यातल्या आमच्या घराच्या पोर्चमध्ये गाडीखाली आडवा पडलो होतो... हौसेनं. जुन्या गाडीला लोअरिंग स्प्रिंग बसवायच्या होत्या. या स्प्रिंग आखूड असतात, त्यामुळं गाडी जमिनीलगत बसते आणि रुबाबदार दिसते. निदान मला तरी.

क्रांती चौकाजवळच्या गॅरेजवाल्या चाचांनी आधीच बजावलं होतं, "साहब, ये घर का काम नहीं है. हमारे पास छोड़ के जाओ." झालं! आमच्या घराण्यात कुणी कधी पाना धरलेला नाही. आजोबांच्या हातात पोथी, वडिलांच्या हातात फाइल, माझ्या हातात माऊस... त्यामुळं मला ते जास्तच झोंबलं. चार व्हिडिओ पाहिले, मित्राकडून स्प्रिंग दाबायचं साधन आणलं आणि लागलो कामाला.

आता जॅकला सपाट जागा लागते. आमच्या पोर्चमधल्या फरश्या सगळ्या वरखाली झाल्यात. सपाट म्हणाल तर एकच जागा, जमिनीखालच्या हौदाचं लोखंडी झाकण. लावला जॅक त्यावर!

अर्चना, म्हणजे बायको, दारातून म्हणाली, "अहो, आज टँकर आहे." मी गाडीखालूनच म्हणालो, "सांगितल्या दिवशी टँकर आलाय का कधी?" यंदा नळ आठवड्यातून एकदा येतो, तोही नुसता फुसफुसतो. आजूबाजूला नवी अपार्टमेंट उठली तसे गल्लीतले बोअरही कोरडे पडले. हौदात वीतभर पाणी उरलं होतं, आणि टँकर हुकला की पुन्हा नंबर लागायला चार दिवस.

डावी बाजू तीन तासांत उरकली. काय छाती फुगली म्हणता! मग उजवीकडचं चाक काढलं, स्प्रिंगसकट शॉकअप काढून फरशीवर ठेवला... आणि गल्लीत हॉर्न वाजला. टँकर. सांगितल्या दिवशी, सांगितल्या वेळेला!

ड्रायव्हर पाइप खांद्यावर टाकूनच आत आले. कडूबाभाऊ त्यांचं नाव, बिडकीनचे.

"साहेब, हौदाचं तोंड कुठंय?"

"गाडीखाली."

"मंग घ्या की गाडी मागं."

"चाक नाहीये."

त्यांनी वाकून पाहिलं. चाक नाही, शॉकअप नाही, स्प्रिंग नाही, आणि अख्खी गाडी हौदाच्या झाकणावर उभी. "अरारा... साहेब, झाकण खचलं असतं तर तुम्ही गाडीसकट हौदात गेला असता की!"

इतक्यात अर्चनानं घरातली भांडी बाहेर काढायला सुरुवात केली. बादल्या, पातेली, डबे... शेवटी कुकरसुद्धा! माझ्याकडं एकदाही बघितलं नाही तिनं. ओरडली असती तर परवडलं असतं हो.

"मी फुडं जातो," कडूबाभाऊ म्हणाले. "तिकडं बाया घागरी घेऊन बसल्यात." ते गेटपर्यंत गेले, त्या कुकरकडं पाहिलं आणि परत फिरले. "आना तो पाना इकडं. पाच वर्सं भाड्याच्या काळ्यापिवळ्या जीपाच खोलल्यात मी. ही काय लई मोठी गोष्ट नाय."

अहो, ज्या कामाला मला तीन तास लागले ते त्या माणसानं अर्ध्या तासात केलं. मध्ये दोनदा मालकाचा फोन आला, शिव्या मला इथपर्यंत ऐकू आल्या. भाऊ आपले "आलो मालक, आलो" म्हणत पाना फिरवत होते. मला म्हणाले, "साहेब, स्प्रिंगचं टोक या खाचेतच बसलं पाह्यजे, बरं का." मी "हो, माहितीये" म्हणून मान हलवली. डावीकडं मी ते पाहिलं होतं का... आठवेना. म्हटलं, आता कशाला विषय काढा.

चाक लागलं, गाडी खाली आली, ढकलून मागं घेतली, झाकण उघडलं. हौदात पाणी पडायला लागलं आणि माझा जीव भांड्यात पडला. भाऊ चहालासुद्धा थांबले नाहीत.

दुसऱ्या दिवशी अलाइनमेंट करायला चाचांकडंच गेलो, अर्चनाही सोबत होती. चाचा गाडीखाली शिरले. "राइट साइड किसने बिठाया? एक नंबर काम है!" मग पलीकडून आवाज आला, "और ये लेफ्ट? स्प्रिंग ही उलटी है साहब! किसने किया ये?"

आणि माझ्या तोंडून काय निघावं? "राइट मैंने किया. लेफ्ट... एक टँकरवाले ने."

चाचा हसले. "टँकरवालों को गाड़ी को हात मत लगाने दो साहब. आप तो अच्छे मिस्त्री हो."

चाचांनी डावी बाजू सरळ करून दिली. परतताना गाडी प्रत्येक स्पीडब्रेकरला खालून घासत होती. घरी आल्यावर अर्चना हौदाचं झाकण उघडून आत बघत एवढंच म्हणाली, "शिव्या खाऊन थांबला होता हो तो माणूस आपल्यासाठी."

लाज वाटली. खरंच फार लाज वाटली. रात्री जेवण गेलं नाही.

कडूबाभाऊ ही पोस्ट वाचतील की नाही, माहीत नाही. उद्या गॅरेजात जाऊन चाचांना खरं सांगणार आहे, काय हसायचं ते हसू देत. पण आधी इथं, सगळ्यांसमोर... उजवी बाजू कडूबाभाऊंनी बसवली. उलटी होती ती माझी.